पाणी हाय कुठंतरी

आमच्या दत्ता भावजींना चहा काचेच्या पेल्यातच लागतो. कपात दिलात तर हात लावणार नायत. पेला घेऊन दारात जाणार, उजेडाकडे धरणार, मग कठड्यावर ठेवून त्याच्याकडे टक लावून बसणार. खाली काय बसतंय ते बघायला. चहा पार थंड होतो, वर साय धरते, तेव्हा पितात.

"अहो भावजी, दुधात पाणी मीच घातलंय, सांगते ना!"

"तुमी सांगितलंत ते झालं, वयनी. न सांगितलेलं किती हाय ते बघतोय."

भावजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. लग्न केलंनी नाय. भाट्याला खाडीच्या काठाला आमचं घर, बाजूला त्यांची खोपी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. इंजिन बंद पडलं की बाकीचे मेकॅनिक पाना शोधतात, भावजी माणूस शोधतात. "पाणी हाय कुठंतरी," म्हणतात, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. पेट्रोलात पाणी आपोआप जात नाय, कोणीतरी घालतं, हे त्यांचं पक्कं.

खोपीत फळीवर बाटल्यांची रांग हाय. ज्या ज्या डब्यातलं पेट्रोल आलं, ते थोडं थोडं बाटलीत भरून ठेवतात, आणि ज्याच्या हातून आलं त्याच्या नावाची चिठ्ठी वर डकवतात. खाली पाणी बसलं की तो माणूस भावजींच्या लेखी संपला. पंपावरचा माणूस फळीवर, शेजारी फळीवर. सत्यनारायणाला आलेले भटजी पण फळीवर, का तर त्यांनी एकदा होडीत चढताना डबा जरा बाजूला सरकवलानी.

होडी आमचीच. शिडाची हाय, पोटात पेट्रोलचं इंजिन. माझा मुलगा विलास ती घेऊन माशांना जातो. वारा असला तर शीड, वारा पडला तर इंजिन. खाडीच्या तोंडावर वाळू साठते, तिथं लाट फुटते. तिथं इंजिन हवंच. यंदा नारळी पुनवेला होडी पाण्यात घातली आणि नेमकं तिथंच इंजिन मरायला लागलं. काठावर सुरू केलं की चांगलं चालायचं. पाव तास गेला की खोकायचं आणि बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. दोनदा विलास वल्ही मारून परत आला. तिसऱ्या वेळी होडी लाटेला आडवी झाली. घरी आला तो ओठ पांढरे करून.

माझे मालक त्याच तोंडावर गेले. अठरा वर्षं झाली. इंजिन बंद पडलं, होडी उलटली. होडी दुपारी मिळाली, माणूस तिसऱ्या दिवशी. मी पाटी डोक्यावर घेतली, दारोदार मासे विकले, गुडघे गेले, पोर मोठं झालं. त्याचं काय सांगायचं. प्रत्येकाच्या घरात काय ना काय असतंच.

तर भावजींनी इंजिन खोललंनी. गाळणी धुतलीनी. कार्बोरेटर घासलानी. नळ्या तोंडानं फुंकून बघितल्यानी. इंजिनाच्या पंपाचा पडदा नवा घातलानी. बाटलीत पेट्रोल धरलंनी तर पाण्याचा थेंब नाय. दुसरा कोणी खूश झाला असता.

"पाणी नाय?" भावजी म्हणाले. "म्हणजे माणूस हुशार हाय."

मग विलासला धरलंनी. "तू रॉकेल घातलंस काय त्यात?" मग माझ्याकडे वळले. "वयनी, काल होडीकडे कशाला गेला होतात?"

"सुकट वाळत घातलेली. ती उचलायला."

"होडीच्या बाजूनंच?"

विलास भडकला. "काका, अजून एकदा बंद पडली ना, तर होडी विकतो आणि लांज्याला काजूच्या कारखान्यात जातो!"

मी दुसरी शिकलेली. इंजिनातलं मला काय कळणार? पण पाव तास चालतं आणि अडतं म्हटल्यावर मला खोबरेलाचा डबा आठवला. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जरा येतं, मग गुटूक गुटूक करतं आणि थांबतं. दुसरं भोक वाऱ्याला पाडावं लागतं.

"भावजी," मी म्हटलं, "टाकीला वारा घ्यायला जागा हाय काय?"

भावजींचं तोंड उतरलं.

विलासनं टाकीचं झाकण फिरवलंन, तर फुस्स करून वारा आत गेला. टाकीच्या वर वाऱ्याची बारीक नळी असते. ती मेणानं गच्च बुजवलेली, वर चिंधी बांधलेली. गाठ भावजींची. ती गाठ आमच्यात आंधळा पण ओळखील.

"कोणीतरी केलंय हां, काका," विलास म्हणाला.

भावजी खाडीकडे बघत राहिले. "लाटेचं पाणी आत जायल म्हणून," म्हणाले. "तू जातोस ना तोंडावर."

मग त्यांनीच मेण काढलंनी. नळी उंच नेऊन तिचं टोक खाली वाकवलंनी, म्हणजे वारा जायल, पाणी नाय. विलास तोंडापर्यंत दोन फेऱ्या मारून आला. इंजिन खोकलं पण नाय.

संध्याकाळी पक्कड ठेवायला मी खोपीत गेले. बाटल्यांच्या मागं एक बाटली होती, कधी न बघितलेली. पेट्रोल पार पिवळं झालेलं, खाली बोटभर पाणी. चिठ्ठीवरची अक्षरं एकेक लावत वाचली. दत्ताराम.

मालक गेले त्या दिवशीचा डबा भावजींनी भरून दिला होता. आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेली, डबा अंगणात उघडा राहिला. मला ते ठाऊक होतं. मी कधी बोलले नाय. मला वाटायचं, भावजींना ठाऊक नसेल.

चिठ्ठी मी काढली नाय. ज्याची त्यानं काढावी.

सकाळी चहा दिला, काचेच्या पेल्यात. म्हटलं, "भावजी, त्या दिवशी डब्याला झाकण नव्हतं, ते ह्यांनी बघितलं होतं. मला बोलले पण. 'चालतंय,' म्हणाले, आणि ओतलंनी."

भावजी दारात गेले. पेला उजेडाकडे धरलानी, अठरा वर्षांची सवय ती. पण खाली ठेवलानी नाय.

तसाच गरम प्यायले. तोंड भाजलं असणार.