घरच्यांची कडी

वस्तीच्या मंडळाने प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांसाठी माहितीची पाटी लावायची ठरवली आणि आपल्या गल्लीचा मजकूर लिहायचं काम सी तुहामी या गृहस्थांनी हौसेने अंगावर घेतलं. पंचाईत अशी, की मोरोक्कोतल्या फेसच्या जुन्या शहरात कुणी सुलतान, संत किंवा निदान एखादा बरा चोरसुद्धा न राहिलेली ही एकच गल्ली असावी. पाणपोई आणि पावाची भट्टी, एवढ्यात मजकूर आटोपला. उरलेल्या जागेत तुहामींनी स्वतःचंच दार बसवलं: ‘तिसऱ्या दारावर दोन कड्या आहेत. वरची मोठी परक्यांसाठी, खालची लहान घरच्यांसाठी. डोक्यावर रुमाल घेऊन दार उघडायचं की तसंच, हे आतल्या बाईला आवाजावरून कळतं.’

पाटी लागली त्याच सकाळी लहान कडी वाजली. त्यांच्या बायकोने, लल्ला झोहरने, मोकळ्या केसांनी आणि पिठाच्या हातांनी दार उघडलं, तर समोर टोप्या घातलेल्या गोऱ्यांचा घोळका. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, ही माणसं कोण?”

“वाचक,” तुहामी म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

दारात आलेल्याला चहा न पाजता पाठवायची त्या घराची रीत नव्हती. पहिल्या दिवशी पुदिना संपला, दुसऱ्या दिवशी साखर आणि तिसऱ्या दिवशी झोहर. मोठी कडी कुणीच वाजवेना. सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसालाही परकं कशाला व्हावंसं वाटेल?

“ती पाटी उतरवा.”

“छापून झालंय गं. मंडळ काय म्हणेल?”

“मग मंडळाला बोलवा चहा करायला.”

शेवटी तोड निघाली. घरच्यांनी मोठी कडी वाजवायची. लहान वाजली की झोहरने जागचं हलायचं नाही. मुलं, जावई, शेजारणी, सगळ्यांना निरोप गेले आणि घर शांत झालं.

आणि मग मेकनेसहून सांगावा आला, की लल्ला केंझा शुक्रवारी जेवायला येतेय. केंझा ही झोहरची थोरली बहीण. एका लग्नात झोहरने तिने केलेल्या मांसाच्या बस्तियावर साखर जरा सैल हाताने पडलीय म्हटलं आणि तेव्हापासून केंझाने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. झोहर आनंदाने रडलीच. शुक्रवारी तिने पहाटेपासून कुसकुस वाफवायला घेतला. या धांदलीत कड्यांची अदलाबदल केंझाला सांगायची राहून गेली.

नमाज आटोपून तुहामी गल्लीत शिरले, तर पुढे वाट अडवून गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर. टाक्यांच्या फटीतून त्यांना दारात उभी असलेली केंझा दिसली. तिने रुमाल सारखा केला, दोन्ही कड्यांकडे पाहिलं आणि सगळा मानापमान गिळून लहान कडी हलकेच वाजवली. तुहामींनी खेचरवाल्याला हाक मारली.

“बाबा रे, खेचर बाजूला घे. मेहुणी आलीय माझी.”

“माझीही आलीय घरी,” खेचरवाला शांतपणे म्हणाला. “म्हणून तर मी हळूच चाललोय.”

केंझाने पुन्हा वाजवली. आतून पातेल्यांचे आवाज येत होते. माणूस घरात होतं आणि उघडत नव्हतं. तिचे ओठ घट्ट मिटले.

“ठीक आहे,” ती दाराला म्हणाली. “परकी तर परकी.”

तिने मोठी कडी अशी आपटली, की खेचरसुद्धा दचकून दोन पावलं पुढे गेलं.

दार ताडकन उघडलं. झोहर अनवाणी, उघड्या डोक्याने, थेट बहिणीच्या गळ्यात पडली. “ताई, किती वाट बघायला लावलीस गं!”

केंझा गोंधळली. “अगं, मी मोठी कडी वाजवली. तू अशीच धावलीस? कुणी परका असता तर?”

झोहरने खुलासा करायला तोंड उघडलं, बहिणीचे भरलेले डोळे पाहिले आणि खुलासा गिळला. “तुझा हात मी ओळखणार नाही होय?”

“मग आधी लहान वाजवली तेव्हा?”

“ती कुणीतरी भीतभीत वाजवली होती. तो हात तुझा नव्हेच.”

केंझा हुंदका देऊन रडली. मग झोहरही.

जेवताना केंझाने हा किस्सा तुहामींना दोनदा ऐकवला. काही बोलायची पाळी येऊ नये म्हणून ते तोंडात कुसकुस भरत राहिले. तेवढ्यात लहान कडी वाजली.

“अगं झोहर, घरचं कुणीतरी आलंय.”

झोहरने बहिणीच्या पुढ्यात मांसाचा मोठा तुकडा सरकवला.

“आलंय ना,” ती म्हणाली. “जेव तू.”