जर्मन बाईचे दोन युरो

"शालिकराम, अमरावती ते अकोला या पट्ट्यात अक्कल एकाच माणसाजवळ आहे, अन् तो तुयासमोर बसून राहिला," असं माझे मेहुणे, गुप्तहेर उद्धवराव, रोज सकाळी म्हणतात. मी त्यांचा बिनपगारी मदतनीस. मी समोर पाहतो. कोणी दिसत नाही.

परवा परतवाड्याची कहकशाँ रडवेली होऊन आली. ती मेंदीची नक्षी काढते अन् परदेशी वेबसाइटवर त्या नक्षीच्या फाइली विकते. एका जर्मन बाईनं दहा युरोची फाइल घेतली, पण तिचे कापले गेले जवळपास बारा. बाईनं लिहिलं, 'तू लबाड आहेस. दुकान बंद पाडीन.'

"वरचे दोन मले भेटलेच नाही!" कहकशाँ म्हणाली.

उद्धवरावांनी डोळे मिटले. "फाइल समुद्रावरून गेली. दमट हवेनं फुगली. वजन वाढलं, भाडं वाढलं."

"फाइलीले वजन नसते, भाऊजी."

"मंग चोर घरातला आहे!"

आम्ही तिच्या घरी गेलो. नवरा जुबेर पेचकसानं स्क्रू काढून मोबाइल दुरुस्त करत बसला होता.

"इतके पेचकस काहून लागतात याले?" उद्धवराव गरजले. "पैसे वाटेतच खोलून घेते हा!"

कहकशाँनं नवऱ्याकडे पाहिलं. जुबेरनं हातातलं काम खाली ठेवलं. "तुले बी असंच वाटते?"

ती पेचकस मोजायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्धवराव मिशी कुरवाळत होते.

जुबेरनं मुकाट्यानं फोन घेतला अन् गिऱ्हाईक होऊन बायकोच्याच दुकानात शिरला. देश विचारला तिथं जर्मनी टाकलं. दहाचे लगेच बारा दिसले; खाली लिहिलं होतं, 'कर धरून.'

"फाइल घेणारा जिथं राहते, तिथला कर लागते," तो म्हणाला. "वेबसाइटच घेते अन् तिथल्या सरकारले भरते. तुयापर्यंत येईनच कसा?"

कहकशाँनं बाईला तसं कळवलं. बाईनं माफी मागितली.

"म्हणजे चोर जर्मनीचं सरकार! मी पहिलेच म्हणलं होतं," उद्धवराव उठले. "शालिकराम, तिकिटं काढ!"

"भाऊजी, तुमाले अकोल्यालोक जातानाच गाडी लागून उलट्या होतात."

कहकशाँनं चहा आणला. "चुकलं मायं," म्हणत एक कप जुबेरच्या हातात दिला. दुसरा स्वतः घेतला. आमच्यासाठी तिनं दार उघडलं.