दारावरचा चक्का

घरी घट्ट दही लावायचं मी ठरवलं त्यात माझा कसलाही वाईट हेतू नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं असं झालं. माझे सासरे एकनाथराव परभणीहून आमच्या नल्लकुंट्याच्या फ्लॅटवर पहिल्यांदाच राहायला येणार होते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण 'पुण्याच्या जावयाला बँकेत शिक्के मारण्यापलीकडं काही येत नाही' हे त्यांचं मत जागचं हललेलं नाही. (मत बरोबर आहे. पण ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं कशाला सांगायचं?) फोनवर ते म्हणाले, "श्रीखंड करा, पण विकतच्या चक्क्याचं नको." आणि मी, कुणी विचारलेलं नसताना, ओरडलो, "विकतचा कशाला? मी करतो! घरी! दुधापासून!"

पलीकडून सासूबाईंना सांगितलेलं ऐकू आलं, "भामा, ऐकलंस का? जावई श्रीखंड करायलेत म्हणं!" त्यावर दोघंही पोट धरून हसले.

झालं! आता माघार नाही. या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'वा, जावईबापू!' ऐकायचंच, असा मी चंग बांधला.

म्हशीचं दूध आणलं, आटवलं, कोमट झालं का ते बोट बुडवून पाहिलं (झालं नव्हतं, बोट अजून लाल आहे), विरजण लावलं आणि पातेलं माझ्या लोकरी शालीत गुंडाळून ठेवलं. सकाळी झाकण काढलं आणि मी उडीच मारली. काय दही लागलं होतं! चमचा रोवला तर सरळ उभा! "वैशाली, अगं धाव, धाव!" बायको तोंडात ब्रश तसाच ठेवून आली. तिनं पातेलं तिरकं केलं, दही ढिम्म हललं नाही. "अहो, खरंच जमलंय की!" ती म्हणाली. तिला जरा जास्तच आश्चर्य वाटलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

कोऱ्या पंच्यात दही बांधलं. आता टांगायचं कुठं? स्वयंपाकघरातला नळ मागच्या महिन्यात माझ्याच हातात आला होता, त्यामुळं तिथं मला बंदी. खिडकीच्या गजांवर कबुतरं. भिंतीला खिळा मारला तर घरमालक मलाच टांगणार. राहिला एकच भक्कम हूक, मुख्य दाराबाहेरचा. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या दारावर तो आहे. नजर लागू नये म्हणून लोक त्याला फडक्यात कोहळा बांधतात, आणि त्याला पाणी सुटलं की नजर त्यानं शोषली म्हणून उतरवून टाकतात. आमचा रिकामाच होता. टांगली पोटली, खाली ठेवलं भांडं.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू शेजारीण भाग्यलक्ष्मी आंटी बाहेर आल्या.

"क्या उदय भैया, बांधे?"

"हाँ आंटी! आज ससुरजी आ रहे!"

"अच्छा करे. ऐसे टाइम पे बांधनाच." मग भांड्यातली धार पाहून त्यांचे डोळे विस्फारले. "अय्यो, इत्ता पानी?"

"यहीच तो होना!" मी आनंदानं म्हणालो. "जितना खराब पानी है, सब निकल जाना!"

आंटींनी पोटलीला हात जोडले. (मला वाटलं, माझ्या पाककौशल्याला.) वैशाली केशर आणायला कोठीच्या बाजारात निघाली होती, मला सासऱ्यांना घ्यायला नामपल्ली स्टेशनवर जायचं होतं. मी जिन्यावरून ओरडलो, "आंटी, जरा देखो! पानी रुका तो उतार देना!"

"तुम बेफिकर जाओ! मैं हूँ ना!"

सासऱ्यांची बॅग उचलून मी जिना चढलो तेव्हा नुसता उडत होतो. आणि पाहतो तर हूक मोकळा! उंबऱ्याशी कापलेली लिंबं, फुटका नारळ, उदबत्तीचा धूर. मधोमध आंटी, हसतमुख. मागोमाग वैशालीही येऊन पोचली.

"हो गया भैया! पानी रुका, बराबर उतार दिए. हल्दी-कुंकुम लगाए, नारियल फोड़े, हमारे सर स्कूटर पे जाके तीन रस्ते पे डालके आए. पीछे मुड़के भी नहीं देखे!" (सर म्हणजे आंटींचे यजमान.)

"डालके आए?" हातातली बॅग खाली ठेवत मी विचारलं.

"फिकर नक्को करो, अब वापस नहीं आता. कुत्ते पूरा खा गए बोले. कुत्ता खाया तो समझो सब दोष साफ!"

मला तिथंच बसकण मारून भोकाड पसरावंसं वाटलं. माझं दही! माझा चमचा उभा राहणारा चक्का!

"हे काय चाललंय, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आंटीच म्हणाल्या, "आपके वास्ते बांधे थे साब. आपको, घर को किसी की नजर नहीं लगना करके. भैया सुबह से इसीमें लगे थे!"

एकनाथरावांनी आधी नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचे डोळे चक्क भरून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझ्यासाठी एवढं केलंत? वा, जावईबापू! वा!"

वैशालीनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की खरं बोलायची माझी हिंमतच झाली नाही.

जेवायला बसलो. पुऱ्या फुगलेल्या, बटाट्याची भाजी गरम. सासऱ्यांनी बाह्या सावरल्या. "हं, आता येऊ द्या तुमचं श्रीखंड!"

आता आली का पंचाईत? खरं सांगावं तर ती 'वा' जाते, आणि ती मिळायला मला बारा वर्षं लागली होती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "बाबा, दही लागलंच नाही. सगळं पाणीच झालं." वैशालीला जोरात ठसका लागला.

हात धुऊन सासऱ्यांनी परभणीला फोन लावला. त्यांचं हळू बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू येतं.

"भामा, जावई लई मायाळू हायेत गं, आपण उगंच नावं ठिवायलो त्यांना. फक्त साधं दही बी लावता येईना. उद्या सकाळी मीच शिकवतो."