मामांचं पोट आणि माझं निदान

आमच्या घरात पोटाच्या तक्रारीसाठी कुणी डॉक्टरची पायरी चढत नाही. मी आहे ना! ताप आला तर डॉक्टर, हाड मोडलं तर डॉक्टर, पण पोट हे माझं खातं. बारा वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतेय मी. पोटात तरी दुसरं काय असतं?

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे दयाराम, पंच्याहत्तर वर्षांचे. सगळी उमर मिठागरात गेली. ऐकायला कमी येतं आणि सुनेची लाज फार. कमरेखालच्या कुठल्याही गोष्टीचं नाव ते माझ्यासमोर घेत नाहीत. गुडघा दुखला तरी "तो पायाचा मधला" म्हणतात! महिन्याभरापूर्वी ओट्यावरून घसरले, कंबर धरली. अलिबागच्या हाडाच्या डॉक्टरांनी जोरदार गोळ्या आणि झोपून राहायचा हुकूम दिला.

सोमवारी सकाळी बघते, तर मामा सहा वेळा संडासात! वर लुंगी गुपचूप धुऊन वाळत घातलेली.

"मामा, पोट बिघडलं का?"

मामा माडाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "जातंय गो. पन जात नाय."

मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं. जुलाब! कारणही शोधावं लागलं नाही. रविवारी दारावर येणाऱ्या बायजा कोळणीकडून कोलंबी घेतली होती. लगेच फोन लावला.

"बायजा, तुझ्या कोलंबीने मामांना जुलाब लागले!"

"माझ्या कोलंबीने? होडीतून उतरल्या उतरल्या तुला दिली! तू पन खाल्लीस ना? मंग तुला काय झाला?"

"मला पचते!"

"मंग म्हाताऱ्याला पन पचली असती!" असं म्हणून तिने फोन आपटला. मोबाइलही आपटता येतो, हे तेव्हा कळलं.

मग माझे उपचार सुरू झाले. जायफळ उगाळून चाटवलं. भाताची पेज, केळी, आणि कपाटातली जुलाब थांबवायची गोळी. मंगळवारी मामा नऊ वेळा गेले. मी एका गोळीऐवजी दोन द्यायला लागले. आमचे हे उरणला कंटेनर चालवतात, त्यांचा फोन आला तर म्हटलं, "काळजी करू नका, मी बघतेय!"

बुधवारी मामांचं पोट भजनातल्या पखवाजासारखं टणक झालं. पेज नको, पाणी नको. दुपारी त्यांनी चक्क माझा हात धरला.

"सुचिता, मी जातो वाटतं."

"संडासात ना? चला, धरते."

"नाय गो! वर!"

तेव्हा मात्र मी माझं निदान बाजूला ठेवलं. रिक्षा बोलावली. मागे मामा आणि मी, आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला टोपली मांडीवर घेऊन बायजा! कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्या कोलंबीचा नाव साफ झाल्याबिगर मी परत जायची नाय," म्हणाली. रेवदंडा ते अलिबाग तीन ठिकाणी रिक्षा थांबवावी लागली. एकदा तर भर लग्नाच्या हॉलसमोर! नवरीकडच्यांनी मामांना लग्नाचे पाहुणे समजून आत नेलं.

पोटाच्या डॉक्टर मृणाली वयाने लहान, पण नजर कडक. "किती दिवस झाले? रक्त पडतं? ताप? रात्री उठावं लागतं? वजन उतरलंय?" मामा भिंतीवरच्या आतड्याच्या चित्राकडे बघत राहिले. शेवटी कुजबुजले, "सूनबाय बाहेर जाऊंदे."

मी बाहेर गेले. पण मामांना ऐकायला कमी येतं! डॉक्टरांना ओरडावं लागलं आणि मामाही त्याच पट्टीत ओरडले. बाहेर पंधरा पेशंट कान देऊन बसलेले.

"बाबा, शेवटचं नीट घट्ट कधी झालं होतं?"

"संकष्टीला!"

"कुठल्या?"

"गेल्या!"

बाकावरच्या एका गृहस्थांनी मोबाइलमध्ये पंचांग काढलं. "बारा दिवस!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायजाने जरा जास्तच पाहिलं.

आतून "आयव!" असा एक आवाज आला. तपासणी झाली असावी. मग मला आत बोलावलं.

"ताई, हे जुलाब नाहीत. बद्धकोष्ठ आहे."

"अहो, नऊ वेळा जातात ते!"

"आत कडक खडा अडकलाय. त्याच्या कडेने पातळ तेवढं झिरपतंय. ते अडवता येत नाही, म्हणून लुंगी खराब होते."

मामांचा चेहरा उजळला. लाजबिज विसरून म्हणाले, "म्हंजे खाडीचा पानी सोडायच्या दारात चिखल बसला, आन पानी बाजूनी पझरतंय!"

"अगदी तसंच!" डॉक्टरांनी हाडाच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी उलगडली. "या दुखण्याच्या गोळीने पोट बांधतं. त्यात झोपून राहणं, पाणी कमी. म्हणून तर इथे पोट साफ व्हायची पावडर लिहिलीय. दिली होती?"

"नाही. म्हटलं, सवय लागते..."

"आणि मग काय दिलंत?"

"जायफळ."

"अजून?"

"गोळ्या."

"कसल्या?"

"थांबवायच्या," मी पुटपुटले.

डॉक्टरांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, "दार तुंबलेलं होतं, तुम्ही वरून कुलूप लावलंत."

"आन कोलंबी?" दारातून बायजाचं डोकं आत आलं.

"कोलंबीचा काही संबंध नाही."

बायजाने बाहेर जाऊन ही बातमी दोनदा जाहीर केली. एकदा पेशंटांना आणि एकदा रस्त्यावर.

नर्स एनिमाचं सामान घेऊन आत गेली. तासभर मी बाकावर बसून होते. सासूबाई गेल्यापासून हा माणूस मी ताटात जे वाढेन ते मुकाट खातो. जायफळही मुकाट खाल्लं होतं. बायजाने पाण्याची बाटली पुढे केली. मी तिची माफी मागितली. तिने ती पंधरा पेशंटांसमोर मोठ्याने मागायला लावली!

मामा बाहेर आले ते ताठ चालत. पहिलं वाक्य, "भूक लागली गो."

डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बदलली, पावडर माझ्या हातात ठेवून दोनदा बजावलं, आणि एक तक्ता दिला. त्यात शौचाचे सात प्रकार, चित्रांसकट! एक-दोन म्हणजे कडक, सहा-सात म्हणजे पातळ, चार म्हणजे उत्तम. रोज आकडा वहीत लिहायचा. मामांना ही पद्धत फार आवडली. कशाचं नाव घ्यायला नको, नुसता आकडा! आता ते रोज सकाळी संडासातूनच ओरडतात, "सुचिता, लिव! चार!"

परवा शेजारचे गुणाजीकाका कुंपणाशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, दयारामला सांग, जरा मोठ्याने ओरडत जा. सोमवारी चार लावला, आला. गुरुवारी पाच, तोही आला. कुठून काढतो गो तो मटक्याचे आकडे?"

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.