कापसातल्या कविता

प्रणाली कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसली होती आणि बाहेरून आई जेवायला हाका मारत होती. त्या हाका प्रणालीला ऐकू येत नव्हत्या, आणि त्याच सुखासाठी ती इथं येऊन बसली होती.

अमरावतीत ती फ्रेंच शिकवायची आणि फ्रेंचमध्ये कविता करायची. हे वेड तिला कुठून लागलं याचा शोध भातकुलीजवळच्या तिच्या गावानं बरीच वर्षं घेतला आणि शेवटी नाद सोडला. दुसऱ्यांची पुस्तकं तिनं फ्रेंचमध्ये नेली, त्यांवर तिचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत आलं. आता कुठं पॅरिसच्या एका प्रकाशकबाईंना तिच्या स्वतःच्या कविता आवडल्या होत्या. पुस्तक छापायचं आणि सोबत कवयित्रीच्या आवाजात ऐकवायचंही. मात्र नमुन्याची एक कविता आज संध्याकाळपर्यंत वाचून पाठव, मागं कसलाही आवाज नको, अशी त्यांची अट होती. ही संधी गेली तर पुन्हा यायची नाही, हे प्रणालीला ठाऊक होतं. ती जाऊ द्यायची नाही, हेही तिनं पक्कं ठरवलं होतं.

अमरावतीच्या तिच्या खोलीखाली बँडवाल्यांची तालीम चालायची, म्हणून ती सकाळीच गावी आली. गच्चीवर बसली तर शेजारच्या देवीदासकाकांचा ट्रॅक्टर सुरू झाला. देवघरात शांतता होती, पण समोरच्या घरातल्या वच्छलाकाकू फ्रेंच कसं असतं ते ऐकायला येऊन बसल्या आणि प्रत्येक ओळीला "हं, मंग?" म्हणू लागल्या.

तेव्हा तिला कापसाची खोली आठवली. तिच्या वडिलांनी, खुशालरावांनी, भाव वाढेल या आशेवर यंदाचा सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. त्या कापसानं ट्रॅक्टरही गिळला आणि काकूही. प्रणालीनं कानांवर हेडफोन चढवला, मोबाइल समोर धरला आणि वाचायला घेतलं.

नेमका त्याच दिवशी खुशालरावांचा धीर सुटला होता. पडेल त्या भावात देऊन टाकू म्हणून त्यांनी धामणगाव रेल्वे या गावचे व्यापारी मनोजशेठ यांना बोलावलं होतं, आणि शेठ गाडी नि हमाल घेऊन हजर झाले. कापूस पाहायला त्यांनी खोलीचं दार ढकललं. प्रणालीनं मान न वळवता नुसता तळहात दाखवला. शेठ जागीच थांबले. एका ओळीवर तिची जीभ सारखी अडखळत होती. अडखळली की ती वैतागून "नों, नों", म्हणजे नाही, नाही, म्हणायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

शेठ पावलं न वाजवता ओट्यावर परत आले.

"काहो खुशालराव, पोरगी कोनत्या भाषेत बोलून राहिली?"

"फ्रेंच हाय थे. तिकडच्या लोकाइले पाठवाचं हाय म्हने, सांजेच्या आत."

"कापसाचंच बोलनं हाय काय?"

"कापसाचंच हाय," खुशालराव म्हणाले, आणि ते खरंच होतं. वेचणी करताना आईच्या बोटांना बोंडांची टोकं टोचतात, त्यावरची ती कविता होती.

शेठनी भाव थोडा वाढवला. खुशालराव काहीच बोलले नाहीत, कारण त्यांना तंबाखूची पुडी सापडत नव्हती. शेठनी आणखी वाढवला. तेवढ्यात पुडी सापडली आणि खुशालराव तंबाखू मळू लागले. मळताना ते कधीच बोलत नसत. शेठ पुन्हा दाराशी कान लावून आले. आत "नों, नों" चालूच होतं.

"लय कडक हाय तुमची पोरगी. त्याइचं ऐकूनच नाही राहिली."

"लहानपनापासून तशीच हाय."

एवढं बोलल्यावर मात्र शेठ काय समजून बसलेत याचा खुशालरावांच्या डोक्यात उजेड पडला. माणूस प्रामाणिक. खोटं बोलायचं नाही म्हणून ते पुढं नुसते गप्प राहिले.

शेवटी सौदा हातचा जाऊ नये म्हणून शेठनी हमालांनाच आत पाठवलं. प्रणालीनं हेडफोन काढला आणि दारात आडवी उभी राहिली.

"माहं काम झाल्याबिगर कापूस हलनार नाही. आज तिकडून होकार येऊ द्या, मंग काय न्याचं थे न्या."

होकार आल्यावर न्यायला काय उरणार, या विचारानं शेठ आणखी थांबले नाहीत. खुशालराव हिवाळाभर ज्या भावाची वाट पाहत होते, तो शेठनी एका दमात सांगून टाकला. "जमलं," खुशालराव म्हणाले, "पन पयले पोरीचं होऊ द्या." शेठ कबूल झाले. दार लागलं. या खेपेला प्रणालीनं सगळी कविता न अडखळता वाचली आणि पाठवून दिली.

सांजेला उत्तर आलं. प्रकाशकबाईंना तिचा आवाज फार आवडला होता. उरलेल्या सगळ्या कविताही त्याच जागी वाचून पाठव, असं त्यांनी कळवलं होतं.

प्रणाली धावत खोलीत गेली. खोली झाडून मोकळी झाली होती. तिनं एक ओळ म्हणून पाहिली, तर तिचाच आवाज भिंतीवर आपटून परत आला. ती उंबरठ्यावर बसली आणि तिला रडू आलं. मग तिनं डोळे पुसले. उद्या अकोल्याला मावशीकडे जायचं आणि तिच्या गल्लीतल्या गादीवाल्याच्या गोदामात बसून वाचायचं. तो हाकलेल तेव्हा पाहू.

इतक्यात देवीदासकाका आले. त्यांच्या मागं वच्छलाकाकू होत्या आणि आणखी चारपाच घरची माणसं.

"पोरी, मनोजशेठ उद्या आमच्याकडं येऊन राहिला," काका म्हणाले. "आमचा बी कापूस घरातच हाय. दोनचार कविता आमच्याइथं म्हन ना."

प्रणालीनं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"ट्रॅक्टर बंद ठेवसान?"

"चाबी तुह्याजवळच ठेव."

"अन् काकू, तुमी 'हं, मंग' नाही म्हनसान?"

हे मात्र वच्छलाकाकूंना फार जड गेलं. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या. पण कापूस त्यांच्याही घरी होता.