जादा ब्रेक

सोमवारी सकाळी मास्तर शिकवणीच्या गाडीत बसले, दोन्ही पाय उचलून सीटखाली ओढून घेतले आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या शिंपीणबाईंना म्हणाले, "चला."

हे मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला सुचायच्या आत तो दाबायचा, एवढंच त्या नोकरीचं मर्म. मास्तरांचा उजवा पाय वर्षानुवर्षं त्या ब्रेकवर मुक्कामाला होता. रात्री झोपेतसुद्धा तो मधूनच पलंगाची कड करकचून दाबायचा. मग बायको कूस बदलत म्हणायची, "थांबली गाडी. झोपा आता."

असा हा पाय सीटखाली कसा गेला, तर त्याला कारण चर्चच्या मंडळीचं संजीवन शिबिर. शिबिराच्या शेवटच्या सभेत बाहेरून आलेला वक्ता गरजला होता, "आपण आयुष्याचं स्टिअरिंग देवाच्या हाती देतो, आणि पाय मात्र ब्रेकवर ठेवून बसतो!" बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते चहाला गेले. मास्तर जागचे हलले नाहीत. इतक्या माणसांत वक्त्याला नेमका आपलाच पाय कसा दिसला, याने त्यांच्या अंगावर काटा आला होता.

मास्तरांना शिबिरातून उत्साह मिळत नसे असं नाही. भरपूर मिळे. तो टिकत नसे, ही पंचाईत होती. एका वर्षी त्यांनी पहाटे उठून प्रार्थना करायचं ठरवलं. ते गुरुवारपर्यंत चाललं. पुढच्या वर्षी राग सोडला, आणि परतीच्या वाटेवर बस सुटायच्या आतच सामानावरून कंडक्टरशी त्यांचं वाजलं. शिबिरानंतरच्या रविवारी पाळकसाहेब देवाने आपल्यात काय बदल केला याची चर्चमध्ये साक्ष द्यायला बोलावत, तेव्हा मास्तरांचा एकदा घसा बसला होता आणि एकदा ते स्वतःच गायब झाले होते. यंदा मात्र पाळकसाहेबांनी आधीच जाहीर करून टाकलं: रविवारी मास्तर साक्ष देतील, शिबिरातली ज्योत घरी आल्यावरही कशी तेवत राहिली. मास्तरांना मनापासून वाटत होतं, की एकदा तरी आपण सगळ्यांसमोर उभं राहावं आणि जे बोलू ते खरं असावं.

"या वेळी काय सोडलंत?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. काय सोडलं ते सांगण्याजोगं नव्हतंच.

सोमवार बरा गेला. शिंपीणबाईंनी एक कचऱ्याचा डबा आडवा केला, पण तो रिकामा होता. मंगळवारी तर चमत्कारच झाला. आजवर मास्तरांच्या भरवशावर निवांत असलेला न्हावी वळणावर एकदम भानावर आला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून ब्रेक दाबला. मास्तरांचं कपाळ काचेवर आपटलं, तरी त्यांच्या तोंडून "प्रभूची स्तुती असो" एवढंच निघालं. कपाळावरचं टेंगूळ ते दिवसभर कौतुकाने चाचपत राहिले.

बुधवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई गाडीसकट बागेच्या कुंपणात शिरल्या. शिरताना त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, तर मास्तरांचे डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर प्रसन्न हसू. बाईंनी ही गोष्ट शाळेत करत तशी थेट वरपर्यंत कळवली. वर म्हणजे मास्तरांचा मेहुणा, स्कूलचा मालक.

मेहुण्याने गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने खाली वाकून जादा ब्रेक चांगला दहादा दाबून पाहिला आणि हात पुसत म्हणाला, "पेडल ठणठणीत आहे. पाय दाखवा कुणाला तरी."

मेहुणा मास्तरांशी फार बोलला नाही. "दाजी," तो म्हणाला, "अजून एक ओरखडा आला तर तुम्ही काउंटरला बसायचं. गाडी दुसऱ्याला देतो." आणि दाजींच्या पायात काहीतरी बिघाड आहे, ही बातमी त्याने लगोलग बहिणीच्या कानावर घातली.

त्या संध्याकाळपासून बायकोने कोमट तेल घेऊन मास्तरांचा पाय चोळायला सुरुवात केली. मास्तर खोटं बोलले नाहीत, खरंही बोलले नाहीत, नुसते "हं" म्हणत पडून राहिले. प्रभूच्या मार्गात छळ सोसावा लागतो हे त्यांना शिबिरात सांगितलं होतं. तो इतका सुखाचा असेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना भारी अपराधी वाटत होतं आणि झोपही छान लागत होती.

गुरुवार आणि शुक्रवार त्यांनी मोकळ्या मैदानात काढले. तिथे आपटायला काही नव्हतं. शनिवार तेवढा राहिला होता, आणि शनिवारी शिकवणी होती पाळकीणबाईंची.

पाळकीणबाई लायसन्सच्या परीक्षेत आधी नापास झाल्या होत्या, आणि त्यांची खोड मास्तरांना पाठ होती. त्या जिकडे पाहत तिकडे त्यांची गाडी जाई. म्हणून त्यांना समोर बघायला लावायचं, एवढंच मास्तर शिकवत. त्या दिवशी त्या छान चालवत होत्या. इतकं छान, की ते नवऱ्याने बघावं अशी त्यांना हौस आली आणि त्यांनी गाडी चर्चच्या रस्त्याला घातली.

पाळकसाहेब चर्चच्या फाटकाशी स्टुलावर उभे होते. पाठ रस्त्याकडे, हातात खडू, आणि समोरच्या फळ्यावर 'उद्या साक्ष : मास्तर' असं लिहून ते नावाखाली रेघ ओढत होते. पाळकीणबाईंनी हॉर्न वाजवला. पाळकसाहेब वळले आणि त्यांनी मोठ्या विश्वासाने हात हलवला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि गाडीनेही पाहिलं.

"समोर बघा," मास्तर म्हणाले. पण आता समोर पाळकसाहेबच होते. बाईंनी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

स्टिअरिंग आता खरोखरच कुणाच्या हाती नव्हतं, किंवा वक्ता म्हणाला होता त्याच्याच हाती होतं. मास्तरांनी आठवडाभर याच क्षणाची वाट पाहिली होती. पण पाळकसाहेबांना स्टुलावरून उतरता येत नव्हतं, आणि मास्तरांचा पाय कुणाला विचारायला थांबला नाही. तो सीटखालून सुटला तो थेट जादा ब्रेकवर. गाडी स्टुलाला जेमतेम टेकून थांबली. पाळकसाहेब होते तिथेच, खडू वर धरून उभे राहिले.

"थांबली?" डोळे न उघडता पाळकीणबाईंनी विचारलं. "मी थांबवली?"

मास्तर गाडीतून उतरले आणि फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसले. "गेला," ते म्हणाले.

"कोण गेला?" पाळकसाहेबांनी घाबरून गाडीखाली पाहिलं.

"माझा उत्साह." आणि मास्तरांनी वक्त्यापासून तेलापर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकच दिवस राहिला होता. फळ्यावरचं नाव पुसून टाका, असं त्यांनी विनवलं. पाळकसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि खडू खिशात टाकला. नाव त्यांनी पुसलं नाही.

रविवारी मास्तर उभे राहिले. घसा चांगला होता.

"शिबिरातला उत्साह घेऊन मी घरी आलो," ते म्हणाले. "तो शनिवारपर्यंत टिकला. काल दुपारी इथे फाटकाशी संपला. त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो." आणि ते खाली बसले.

यावर काय म्हणायचं असतं ते मंडळीला माहीत नव्हतं. मग पुढून पाळकसाहेबांचा आवाज आला, "आमेन." तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं, या खेपेला मोठ्याने.

घरी आल्यावर बायको तेलाची वाटी घेऊन बसली. "पाय आणा इकडे."

"अगं, खरं सांगू?" मास्तर ओशाळून म्हणाले. "पायाला काही झालं नव्हतं."

"मला बुधवारीच कळलं होतं," बायको म्हणाली. "दिवसा काय करत होतात देव जाणे, पण रात्री ब्रेक रोज दाबत होतात." तिने त्यांचा पाय ओढून मांडीवर घेतला. "आणा. दमला असेल तो."