चौदा तालमी आणि एक लिंबू

परीक्षेत मुलं नापास होत नाहीत, त्यांना ताण नापास करतो, हे आता सर्वमान्य आहे (कोणाला मान्य आहे, ते विचारू नये). म्हणूनच घाटकोपरच्या जयवंत परबांनी सोसायटीच्या सभेत, बंद लिफ्टचा विषय बाजूला सारून, छातीठोक सांगितलं, "आमच्या निधीचा पेपर पंधरा दिवसांवर आलाय. त्या दिवशी आमच्या घरात कोणाच्या कपाळावर घामाचा थेंब दिसला ना, तर मिशी काढीन."

मिशी आता नाही. पण त्याआधी झालेल्या कामाचं कौतुक व्हायलाच हवं.

निधी परबांची एकुलती एक. दोन वर्षं तिने इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी जिवाचं रान केलं होतं. केंद्र आलं मरोळला. जयवंतरावांचा सिद्धांत साधा होता: जे रोज घडतं, त्याचा ताण येत नाही (ऑफिसात साहेबांना ते वीस वर्षं रोज भेटतात आणि रोज घामाघूम होतात, पण तो विषय वेगळा). तेव्हा परीक्षेचा दिवसच रोज घडवायचा. सलग चौदा दिवस.

पाचला उठणं. पाच-दहाला दहीसाखर. पाच-वीसला ब्लडप्रेशर. सातच्या आत मेट्रो, साडेसातला केंद्राचं गेट. तिथे निधीचा मामा लवू, जो खास मालवणहून आला होता, तिच्यावरून लिंबू उतरवून नाक्यावर टाकायचा आणि बजावायचा, "आता मागे वळान बघू नको गो! सरळ घराक!" उताऱ्याचा नियमच आहे तसा. मग सगळे मागे न बघता घरी. सव्वाआठला पुन्हा ब्लडप्रेशर. गेटवरचे वॉचमन सीतारामकाका तर पाचव्या दिवसापासून त्यांना बघून घड्याळ लावू लागले.

या सगळ्यात अभ्यासाला वेळ उरेना. पण अभ्यासानेच तर ताण येतो.

सर्वांत मोलाचा होता नियम सहा: त्या सकाळी निधीने डोकं चालवायचं नाही आणि बोलायचं नाही. डोकं पेपरसाठी शिल्लक ठेवायचं.

"पप्पा, पण मला काही विचारायचं असेल तर?"

"पेपर झाल्यावर विचार."

पंधरावा दिवस उजाडला. पाच-दहा, दहीसाखर. पाच-वीस, एकशेदहा-सत्तर. साडेसातला गेट. आज तिथे दीडशेएक मुलं हॉल तिकीट धरून उभी होती, कोणी पुटपुटत होतं, कोणी रडत होतं. जयवंतरावांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "बघ, तालीम न केल्याचे परिणाम."

लवूमामाने लिंबू टाकलं. "मागे वळान बघू नको!"

कोणीच बघितलं नाही. मागे गेट उघडत होतं.

सीतारामकाकांनी नेहमीसारखा हात हलवला. "झाली का तालीम? या उद्या."

"पप्पा, आज तर..." मेट्रोच्या जिन्यावर निधी म्हणाली.

"नियम सहा."

"अहो पण, पप्पा..."

"बाळा, ऊर्जा जाते."

सव्वाआठला ते घरी पोचले. दार निधीच्या आईने, रेवतीने, उघडलं. तिघांकडे बघून तिने शांतपणे विचारलं, "एवढ्यात झाला पेपर?"

घरात पहिला घामाचा थेंब आठ वाजून सोळा मिनिटांनी, जयवंतरावांच्या कपाळावर दिसला. त्यांचं ब्लडप्रेशर एकशेनव्वद भरलं. लवूमामाचं मोजताना मशीननेच 'एरर' दाखवलं. निधी मात्र एकशेदहा-सत्तर. चौदा दिवसांच्या मेहनतीचं याहून मोठं यश काय असणार?

गेट साडेआठला बंद होतं. रिक्षा नऊला पाच कमी असताना पोचली. "साहेब, उद्याची तालीम आजच करायला आलात होय?" असं सीतारामकाका म्हणाले, पण निधीचा चेहरा पाहून त्यांनी हलवायला उचललेला हात खाली घेतला. ती गेटच्या गजांना धरून उभी राहिली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तिला कोणी गप्प बस म्हटलं नाही, तर तिला बोलायलाच काही सुचेना.

निधीचा पेपर आता पुढच्या वर्षी. पुढच्या सभेत सोसायटीने तिच्या ब्लडप्रेशरबद्दल अभिनंदनाचा ठराव एकमताने केला. लिफ्ट अजून बंद आहे. सव्वीस पालकांनी जयवंतरावांकडून वेळापत्रक मागून नेलं. तुम्ही मगाशी 'पाच-दहाला दहीसाखर' मनात टिपून ठेवलंत, म्हणजे सत्तावीस.